घराच्या किल्ल्या नेमक्या कुठे ठेवाव्यात: आग आणि चोरी या दोन्हींचा विचार करून जागा ठरवण्याची रीत

घराची किल्ली कुठे असते, असे विचारले की बहुतेक जण चटकन एक जागा सांगतात. मध्यरात्री दिवे गेलेले असताना तीच किल्ली आणायला सांगितली, तर मात्र आधी खिसा, मग पिशवी, मग टेबलाचा खण अशी शोधाशोध सुरू होते. ती शोधाशोध करावीच लागू नये, अशी व्यवस्था कशी लावायची ते येथे टप्प्याटप्प्याने दिले आहे. हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळ लोक थेट चौथ्या टप्प्यापासून, म्हणजे भिंतीत हूक ठोकण्यापासून सुरुवात करतात आणि दोन महिन्यांत त्या हुकावर छत्री लटकू लागते.

मूळ गफलत कुठे होते

आगीची धास्ती असलेली माणसे किल्ली कुलपातच ठेवतात किंवा दाराला लागून टांगतात. चोरीची धास्ती असलेली माणसे सगळा जुडगा झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात कपड्यांखाली सरकवतात. दोघांमध्ये वाद झाला की तडजोड म्हणून किल्ली बैठकीच्या खोलीतल्या एखाद्या खणात जाते. ही तडजोड मला सर्वांत वाईट वाटते, कारण धुरात तो खण सापडत नाही आणि घरात शिरलेला चोर मात्र पहिल्यांदा खणच उघडतो.

खरे म्हणजे येथे तडजोडीची गरज फारशी पडत नाही. आगीच्या वेळी किल्ली आतून हाताला लागते की नाही हे पाहायचे असते, तर चोरीच्या बाबतीत ती बाहेरून दिसते की नाही आणि बाहेरच्या हाताला पोहोचते की नाही हे पाहायचे असते. ही दोन वेगवेगळी मापे आहेत आणि बहुतेक घरांत दोन्ही मापांत बसणारी एखादी जागा निघतेच. लोक एकच माप घेऊन थांबतात, एवढीच अडचण आहे.

पूर्वतयारी

कागद, पेन्सिल, मोजपट्टी, टॉर्च, सेकंदकाटा असलेले घड्याळ, डोळ्यांवर बांधायला फडके आणि सुमारे दीड मीटर लांबीची एक काठी एवढे साहित्य जवळ घ्यावे. काठीच्या टोकाला तारेचा आकडा बांधावा. तो कशासाठी ते चौथ्या टप्प्यात येईल. घरातल्या सर्व किल्ल्या, अगदी कोणत्या कुलपाची ते आठवत नसलेल्याही, एका ताटात गोळा कराव्यात. या कामाला अर्धा दिवस आणि एक रात्र लागते, आणि घरातली सर्व मोठी माणसे हजर असतील असाच दिवस निवडावा.

टप्पा १: बाहेर पडण्याच्या वाटांची यादी

कागदावर घराचा साधा आराखडा काढून प्रत्येक दार आणि ज्यातून माणूस बाहेर पडू शकेल अशी प्रत्येक खिडकी त्यावर दाखवावी. मग प्रत्येक वाटेसमोर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: रात्री सगळे बंद असताना येथून बाहेर पडायला किल्ली लागते का? येथे आठवणीवर विसंबू नये. दार रात्री जसे बंद करता तसे बंद करून, किल्ली हातात न घेता, ते उघडून पाहावे. मुख्य दाराचे लॅच नुसत्या हाताने उघडते, पण त्याच्यापुढच्या जाळीच्या दाराला रात्री आतून टाळे लागते, ही गोष्ट अनेकांच्या तेव्हाच ध्यानात येते. इमारतीत राहत असाल तर जिन्याखालच्या फाटकाचाही या यादीत समावेश करावा. घरातून सुटका झाली आणि खाली फाटकाला कुलूप निघाले, तर सुटका अर्धीच राहते.

तपासणी: यादीत एकही वाट किल्लीविना उघडणारी नसेल, तर दुसरा टप्पा पूर्ण होईपर्यंत बाकीचे काही करू नये.

टप्पा २: किल्लीची गरजच कमी करावी

किल्ली कुठे ठेवावी या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे बाहेर पडायला ती लागूच नये. बाहेरून किल्लीने आणि आतून नॉब फिरवून उघडणारी कुलपे सर्रास मिळतात, आणि पुष्कळदा जुने कुलूप पूर्ण न काढता फक्त त्याचे सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात शिरून फिरते तो भाग, बदलले तरी भागते. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी घ्यावी आणि जुने सिलिंडर जपून ठेवावे, म्हणजे घर सोडताना ते परत बसवता येते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दारात किंवा दाराशेजारी काच असेल तर चोर काच फोडून हात आत घालेल आणि नॉब फिरवेल. आक्षेप रास्त आहे. पण म्हणून दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे कुलूप बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा कुलपाने चोराइतकेच घरातले लोकही अडकतात. दोष काचेचा आहे, तेव्हा उपायही काचेवर करावा. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी जागच्या जागी धरून राहते, त्यामुळे तिच्यातून हात घालायला वेळ लागतो आणि आवाज होतो. टफन केलेली काच मात्र या कामाची नाही. ती फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन खाली पडतात. त्याने इजा कमी होते, पण वाट पूर्ण मोकळी होते. दुकानात दोन्हींना मोघमपणे ‘सेफ्टी ग्लास’ म्हणतात, म्हणून नेमके नाव घेऊनच मागणी करावी.

जाळीच्या दाराचे आतले टाळे काढून तेथेही आतून नॉब असलेले कुलूप बसवावे. जाळीतून हात घालून बाहेरचा माणूस नॉब फिरवू शकतो, म्हणून नॉबच्या चहूबाजूंनी हात पोहोचणार नाही इतक्या भागावर पत्रा किंवा बोट शिरणार नाही अशी बारीक जाळी जोडून घ्यावी. हे वेल्डिंगचे छोटेसे काम असते आणि ते टाळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे रात्री टाळ्याची किल्ली शोधत बसतात.

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे कुलूप असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. वीज नसताना आणि बॅटरी संपलेली असताना ते आतून नुसत्या हाताने उघडले पाहिजे. आणि बाहेरून उघडण्यासाठी त्याची साधी किल्ली असेल, तर ती किल्ली त्याच घराच्या आत पडून राहता कामा नये.

इशारा: घरात लहान मूल किंवा विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती असेल आणि ती नकळत बाहेर जाण्याची भीती असेल, तर दाराला कुलूप घालून किल्ली लपवण्याकडे कल होतो. त्याऐवजी दार उघडताच वाजणारी घंटा बसवावी, किंवा सहज नजरेत न येणाऱ्या उंचीवर एक साधी कडी लावावी आणि ती घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावी. किल्ली लपवणाऱ्यालाच काही झाले, तर बाकीचे सगळे आत राहतात.

टप्पा ३: सुटकेची किल्ली वेगळी करावी

सर्व प्रयत्न करूनही एखाद्या दाराला आतून किल्ली लागतच असेल, तर त्या दारासाठी एक स्वतंत्र किल्ली करून घ्यावी. तिला आपण सुटकेची किल्ली म्हणू. ती घराबाहेर जात नाही, कुणाच्या खिशात जात नाही, शेजाऱ्यांना दिली जात नाही. खिशात वागवायची किल्ली वेगळी. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच आहे, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात. जी किल्ली रोज बाहेर जाते, ती रोज रात्री जागेवर परतेलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

जुडग्याबद्दलही थोडे सांगायला हवे. मी स्वतः पहिल्यांदा अंधारात चाचणी केली, तेव्हा किल्ल्यांपर्यंत व्यवस्थित पोहोचलो, पण जुडग्यात सात किल्ल्या होत्या आणि त्यांतल्या तिघींची डोकी एकसारखी गोल होती. पहिली किल्ली कुलपात शिरली आणि फिरली नाही, दुसरी उलटी धरली गेली, आणि तिसरी शोधताना जुडगा हातातून निसटून पायपुसण्याच्या पलीकडे गेला. तेव्हा घरात ना धूर होता, ना घाई. त्या रात्रीपासून आमच्या सुटकेच्या किल्लीला जाड सुतळीने लाकडाचा अंगठ्याएवढा ठोकळा बांधलेला आहे आणि तिच्यासोबत दुसरी कोणतीही किल्ली नाही.

दोन कुलपे असतील तर दोनच किल्ल्या एका ठोकळ्याला बांधाव्यात आणि वरच्या कुलपाच्या किल्लीच्या डोक्यावर कानशीने एक खाच पाडावी. रंगाच्या खुणेवर विसंबू नये, कारण अंधारात रंग दिसत नाही आणि खाच बोटाला लागते. किल्ली कुलपात कोणत्या बाजूने शिरते तेही त्याच खाचेवरून कळेल अशा बेताने खाच ठेवावी.

वाहनाची किल्ली या सगळ्यापासून दूर असावी. दाराजवळ टांगलेला जुडगा चोराच्या हाती लागला तर घराबरोबर वाहनही जाते. शिवाय बटण न दाबता उघडणाऱ्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक किल्लीचे संकेत दाराबाहेरून पकडून गाडीपर्यंत पोहोचवण्याची चोरांची युक्ती आता जुनी झाली आहे. अशी किल्ली बाहेरच्या भिंतीपासून आणि दारापासून लांब, शक्यतो संकेत अडवणाऱ्या पाकिटात ठेवावी. म्हणजे सुटकेची किल्ली दाराजवळ असावी आणि गाडीची लांब. दोन्ही एकाच कडीत ओवल्या की दोहोंपैकी एकीची जागा चुकतेच.

इशारा: कोणत्याही किल्लीवर नाव, पत्ता किंवा घराचा क्रमांक लिहू नये. किल्लीचे दाते स्पष्ट दिसणारे छायाचित्र कुणाला पाठवू नये, कारण चांगल्या छायाचित्रावरून तशीच किल्ली घडवता येते.

टप्पा ४: जागा ठरवावी

आता हुकाकडे वळता येईल. आधी बाहेरून माप घ्यावे. दार बंद करून बाहेर उभे राहावे आणि टपालाची फट, जाळी, झरोका, शेजारची खिडकी, दाराखालची मोकळी जागा अशा प्रत्येक छिद्रातून आत डोकावून पाहावे. हे दोनदा करावे लागते. दिवसा काचेवर उजेड पडल्यामुळे आतले नीट दिसत नाही, पण रात्री आत दिवा असला की तीच खोली बाहेरून स्वच्छ दिसते. त्यानंतर आकडा बांधलेली काठी प्रत्येक फटीतून आत घालावी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने आकडा जेथवर पोहोचतो तेथवर भिंतीवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. काठीने किल्ली ओढून काढणे ही चोरीची अगदी सामान्य रीत आहे आणि त्यासाठी फार कसबही लागत नाही. खुणांच्या आतला सगळा भाग बाद समजावा.

मग आतून माप घ्यावे. झोपण्याच्या खोलीपासून दारापर्यंत ज्या वाटेने पळायचे, त्या वाटेवरच, दारापासून दोन पावलांच्या आत जागा हवी. वाट सोडून वळावे लागेल, दुसऱ्या खोलीत जावे लागेल किंवा दारापाशी पोहोचून मागे यावे लागेल, अशी कोणतीही जागा चालत नाही. स्वयंपाकघर तर नाहीच, कारण घरातल्या पुष्कळ आगी तेथेच लागतात.

उंचीचा विचार लोक करीत नाहीत. गरम धूर आधी छताशी साठतो आणि तेथून खाली उतरत येतो, म्हणून शेवटची बरी हवा जमिनीलगत उरते आणि माणसाला ओणवे होऊन किंवा रांगत जावे लागते. डोक्याच्या उंचीवरचा शोभेचा किल्ली-फलक अशा वेळी धुरात असतो, आणि त्यासाठी उभे राहणे म्हणजे धुरात तोंड घालणे होय. हूक कुलपाच्या उंचीला, म्हणजे बहुतेक दारांत जमिनीपासून साधारण एक मीटरवर असावा. गुडघ्यांवर असलेल्या माणसाचा हात तेथे पोहोचतो आणि जी मुले स्वतः दार उघडू शकतात त्यांचाही. घरात अगदी लहान मूल असेल आणि ते किल्ली तोंडात घालण्याची भीती असेल, तर हूक त्याच्या हातापेक्षा जेमतेम वर न्यावा. पण डोक्याच्या वर नेऊ नये.

आत उघडणाऱ्या दारासाठी मला सर्वांत पटलेली जागा म्हणजे बिजागऱ्यांच्या बाजूची भिंत. दार उघडले की त्याची फळी त्या भिंतीसमोर येते आणि दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला किंवा विक्रेत्याला हूक दिसत नाही. दार बंद असते तेव्हा, म्हणजे किल्ली खरोखर लागते तेव्हा, तो हूक पूर्ण मोकळा असतो. फळी किल्लीवर आपटू नये म्हणून जमिनीवर दार-अडवणी बसवावी. बाहेर उघडणाऱ्या दाराला ही सोय मिळत नाही. तेथे भिंत जेथे कोपऱ्यात वळते तिच्या आतल्या अंगाला जागा शोधावी.

हूक खिळ्याचा नको, स्क्रूने बसवलेला आणि टोक वर वळलेला असावा, म्हणजे अंधारात हाताचा धक्का लागला तरी किल्ली खाली पडत नाही. त्याच्या शेजारी एक छोटा टॉर्च टांगता आला तर उत्तम. अंधारात चमकणारी पट्टी लावण्यास हरकत नाही, पण तिची चमक उजेड गेल्यावर काही तासांत मंदावते, तेव्हा पहाटेपर्यंत तिचा भरवसा धरू नये. आणि त्या हुकावर दुसरे काहीही टांगले जाणार नाही, असा घरात कडक नियम करावा.

इशारा: दारालगतच्या कपाटावर बॅटऱ्या चार्ज करण्याची सवय असेल, विशेषतः विजेवरच्या सायकलीची किंवा स्कूटरची बॅटरी तेथे लावली जात असेल, तर ती आधी हलवावी. लिथियम बॅटरी पेटली तर किल्ली, दार आणि वाट एकाच वेळी हातची जाते.

किल्ली कुलपातच ठेवली तर?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे एकच उत्तर देता येत नाही. दार भरीव असेल, त्यात किंवा त्याच्या शेजारी काच, फट, जाळी काही नसेल, आणि आत किल्ली असतानाही बाहेरून दुसऱ्या किल्लीने उघडणारे सिलिंडर असेल, तर रात्री सगळे घरात असताना किल्ली कुलपात ठेवायला माझी हरकत नाही. या तीनपैकी एकही अट मोडली तर ठेवू नये. काच किंवा फट असेल तर चोराचे काम सोपे होते. जुन्या पद्धतीच्या कुलपांत किल्लीचे भोक आरपार असते, त्यामुळे आतल्या किल्लीचे टोक बाहेरून पकडून फिरवता येते. आणि साध्या सिलिंडरमध्ये आत किल्ली असली की बाहेरची किल्ली पूर्ण शिरत नाही. म्हणजे आतला माणूस बेशुद्ध पडला तर किल्ली असलेला नातेवाईकही आत येऊ शकत नाही.

तपासणी: आत किल्ली ठेवून, दार उघडेच असताना, बाहेरच्या बाजूने दुसरी किल्ली लावून पाहावी. दार बंद करून हा प्रयोग करणाऱ्यांना पुढे कुलूपवाला बोलवावा लागतो.

टप्पा ५: अंधारातली चाचणी

ही चाचणी केल्याशिवाय व्यवस्था पुरी झाली असे समजू नये. रात्री सर्व दिवे बंद करावेत. चाचणी देणाऱ्याने डोळ्यांवर फडके बांधून अंथरुणावर पडावे आणि दुसऱ्याने, डोळे उघडे ठेवून, वाटेत इजा होणार नाही याकडे लक्ष देत वेळ मोजावा. ‘उठ’ म्हटल्यावर खाली उतरून, भिंतीला एक हात लावून, रांगत दारापर्यंत जायचे, किल्ली काढायची, कुलूप उघडायचे आणि दाराबाहेर यायचे. घड्याळ दार उघडल्यावर थांबवायचे. किल्ली हाताला लागल्यावर नाही.

हा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारले तर कारण सरळ आहे. फोमच्या गाद्या, सोफे आणि प्लास्टिकच्या वस्तू पेटल्या की खोली काही मिनिटांत जिवंत माणसासाठी उरत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही, त्याने विचार गोंधळतो आणि बोटांची नाजूक हालचाल जड होते. जागेपणी सहज जमणारी गोष्ट, म्हणजे लहान भोकात किल्ली घालणे, हीच नेमकी तेव्हा जमत नाही. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल असेही धरून चालू नये. म्हणून धूर ओळखून वाजणारी घंटा झोपण्याच्या खोल्यांत आणि त्यांच्या बाहेरच्या वाटेवर बसवावी, महिन्यातून एकदा तिचे बटण दाबून ती वाजते ना हे पाहावे, आणि चाचणीची सुरुवात तिच्याच आवाजाने करावी.

अर्ध्या मिनिटाच्या आसपास दार उघडले तर जागा योग्य आहे. एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर थांबून पाहावे, की वेळ कोठे गेला: वाटेतल्या खुर्चीत, हुकाच्या शोधात की कुलपात. कुलपात गेला असेल तर हूक हलवून उपयोग नाही. दुसऱ्या टप्प्याकडे परत जावे. घरातल्या प्रत्येकाची चाचणी स्वतंत्र घ्यावी. घरातली कर्ती व्यक्ती उत्तीर्ण झाली म्हणजे घर उत्तीर्ण झाले, असे होत नाही. त्या रात्री ती गावाला गेलेली असू शकते.

टप्पा ६: खिडक्यांच्या जाळ्या

खिडकीची जाळी पक्की बसवलेली असेल तर ती आगीत भिंतच ठरते. किमान एका खोलीतल्या जाळीला आतून उघडणारा भाग असावा आणि तो शक्यतो किल्लीविना उघडावा. त्याला कुलूप घालणे भागच असेल, तर त्याची किल्ली त्याच खोलीत, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, बाहेरून घातलेला हात आणि काठी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर टांगावी. या किल्ल्या मुख्य दाराजवळ एकत्र टांगण्याची चूक फार दिसते. दारापर्यंत पोहोचता येत नाही म्हणूनच तर माणूस खिडकीकडे वळलेला असतो. वापरात नसलेली ही कुलपे गंजतात, म्हणून दर तीन महिन्यांनी ती उघडून, कोरडे वंगण घालून पुन्हा बंद करावीत.

टप्पा ७: रात्रीचा आणि बाहेर पडतानाचा क्रम

रात्री दार बंद करणाऱ्याने हुकावरच्या ठोकळ्याला हात लावून पाहायचा आणि मगच दिवा घालवायचा. बघणे पुरेसे नाही, हात लावायचा. त्याने हाताला जागा पाठ होते. दारापाशी साठलेल्या चपला, पिशव्या आणि खोकी त्याच वेळी बाजूला करावीत.

घर रिकामे असते तेव्हा सुटकेच्या किल्लीचा काही उपयोग नसतो, उलट आत शिरलेल्या चोराला मोठ्या सामानासह मुख्य दाराने निघून जाण्याची सोय होते. काही दिवसांसाठी बाहेरगावी जाताना ती हुकावरून काढून आत ठेवावी आणि परतल्यावर, सामान सोडण्याच्या आधी, पुन्हा टांगावी. रोजच्या ये-जा करण्यात हे करू नये. रोज काढली-घातली की एखाद्या रात्री ती टांगायची राहून जाते.

टप्पा ८: घराबाहेरची जादा किल्ली

पायपुसणे, कुंडी, मीटरची पेटी, चौकटीची वरची कड आणि कोपऱ्यातला जुना बूट या जागा चोराला तुमच्याइतक्याच ठाऊक असतात. जादा किल्ली विश्वासू शेजारी किंवा जवळच्या नातेवाइकाकडे द्यावी. तिच्यावर पत्ता नसावा, आणि ती व्यक्ती बाहेरगावी जाताना तुम्हाला सांगेल एवढे आधी ठरवून घ्यावे. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी, अनेक जणांना आत यावे लागते म्हणून, आकड्यांवर उघडणारी किल्लीची पेटी सोयीची पडते. ती हलक्या दर्जाची नसावी, भक्कम भिंतीत बाहेरून न दिसणाऱ्या बोल्टने बसवावी आणि रस्त्यावरून नजरेस पडू नये. बटणांची पेटी असेल तर आकडे वेळोवेळी बदलावेत. वर्षानुवर्षे तीच चार बटणे दाबली की ती झिजून चमकू लागतात, आणि मग चोराला दहा आकड्यांतून नव्हे, चारांतून क्रम शोधायचा उरतो.

टप्पा ९: प्रत्यक्ष आगीत किल्लीचे काय करावे

दाराला आधी हाताची मागची बाजू लावावी. ते गरम लागले तर उघडू नये. गार असेल तर उघडून बाहेर पडावे आणि किल्ली सोबत घ्यावी. यामागचे कारण लोकांच्या लक्षात येत नाही: अनेक लॅचची दारे मागे ओढली की आपोआप बंद होतात, आणि जिना धुराने भरलेला असेल तर पुन्हा घरात येऊन दार लावून घेणेच शहाणपणाचे ठरते. किल्ली आत राहिली तर माणूस धूर आणि बंद दार यांच्यामध्ये सापडतो. बाहेर पडताना दार ओढून घ्यावे, म्हणजे धूर आणि आग पसरायला वेळ लागतो. मात्र त्याला कुलूप लावू नये. सुरक्षित जागी पोहोचल्यावर अग्निशमन दलाला फोन करावा आणि ते आले की किल्ली त्यांच्या हाती द्यावी. राहिलेल्या वस्तूसाठी, किंवा किल्लीसाठीच, परत आत जाऊ नये.

टप्पा १०: किल्ल्यांची वही

किती किल्ल्या आहेत आणि त्या कोणाकडे आहेत, याची नोंद एका वहीत ठेवावी. वहीत पत्ता नको. किल्ली हरवली आणि सोबत पत्ता दाखवणारे काही गेले असेल, भाडेकरू किंवा कामाला येणारी व्यक्ती किल्ली परत न देता गेली असेल, किंवा नव्या घरात राहायला आला असाल, तर सिलिंडर बदलावे. बदलल्याच्या दिवशी सुटकेची किल्लीही बदलते, हे विसरण्याची चूक हटकून होते: नव्या किल्ल्या सगळ्यांच्या खिशात जातात आणि हुकावर जुनीच लटकत राहते. म्हणून कुलूपवाला दारात असतानाच ठोकळ्याची सुतळी सोडावी, नवी किल्ली बांधावी, तिच्यावर खाच पाडावी, ती हुकावरून काढून एकदा कुलपात फिरवून पाहावी आणि मगच त्याचे पैसे द्यावेत.